आधी बॅटरी

"ही वायर काढा," निमिष म्हणाला.

ज्योतीराम भिंतीवरच्या सोलर कंट्रोलरपाशी स्क्रूड्रायव्हर घेऊन उभा होता. बॅटरीची वायर त्याने नुकतीच बसवली होती आणि कंट्रोलरवर हिरवा दिवा लागला होता.

"साहेब, आधी बॅटरीच जोडायची असती. पॅनल मागनं. उलटं केलं तर कंट्रोलर जळंल."

"ते मला माहीत आहे हो. इंजिनिअर आहे मी. पण दिवा आधीच लागलेला असेल तर मॅडमनी काय लावायचं? त्या पॅनलची वायर जोडतील, दिवा लागेल, फोटो निघेल. मग लगेच बॅटरी जोडा. अर्ध्या मिनिटाचा तर प्रश्न."

चाकणजवळच्या या शाळेत गुरुवारी वीज गेली की कॉम्प्युटरची खोली दिवसभर बंद. म्हणून या दोघांच्या कंपनीने हे सोलर दिलं होतं. अकरा वर्षं कंत्राटावर असलेला वायरमन ज्योतीराम तीन दिवस छपरावर उन्हात भाजून निघाला होता. पर्मनंटच्या यादीत यंदा त्याचं नाव होतं आणि त्या यादीवर सही आज उद्घाटनाला येणाऱ्या कंपनीच्या अरुंधती मॅडमच करणार होत्या. नाव सुचवलं होतं निमिषने. अशा माणसाशी वाद कोण घालतो? अडला हरी गाढवाचे पाय धरी.

त्याने वायर काढली. दिवा विझला.

मॅडम आल्या, नारळ फुटला. हेडमास्तर उद्धवरावांनी पॅनलच्या वायरीला फूल वाहिलं. मॅडमनी वायर खोचली, ज्योतीरामने स्क्रू आवळला. दिवा लागला. टाळ्या थांबायच्या आत कंट्रोलरमधून धूर आला आणि खोलीभर जळक्या प्लास्टिकचा वास सुटला.

"हे काय झालं?" मॅडमनी विचारलं.

ज्योतीरामने निमिषकडे पाहिलं. निमिष मॅडमकडे बघत होता.

"क्रम चुकला मॅडम. आधी बॅटरी जोडायची असते, मग पॅनल. या लोकांना कितीदा सांगितलं तरी डोक्यात शिरत नाही."

उत्तर ज्योतीरामच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण इथे खरं बोलून निमिषला उघडं पाडलं, तर उद्यापासून कंपनीच्या गेटवर कार्ड चालणार नाही, हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"चूक झाली मॅडम," तो म्हणाला.

मॅडम स्वभावाने चांगल्या. त्या जरासुद्धा चिडल्या नाहीत, आणि नडलं ते तेच. शिव्या घालून मोकळ्या झाल्या असत्या तर बरं झालं असतं.

"घाबरू नका, होतं असं. ज्योतीराम ना तुम्ही? पर्मनंटच्या यादीत नाव आहे तुमचं." त्या निमिषकडे वळल्या. "यंदा यांचं राहू दे. वर्षभर तुमच्या हाताखाली शिकू देत. अगदी पहिल्यापासून शिकवा, वेळ द्या त्यांना."

"नक्की मॅडम," निमिष म्हणाला.

मॅडमनी ज्योतीरामच्या खांद्यावर हात ठेवला.

"सरांना थँक्यू म्हणा."

ज्योतीराम म्हणाला.