शंभरात सत्त्याण्णव

साहेबांनी शेवटच्या झाडाला चुन्याचा ठिपका लावला, वही मिटली आणि म्हणाले, "शंभरात सत्त्याण्णव जगली. अभिनंदन, बाई. आठवड्याभरात खोली रिकामी करा."

रोपवालीने मान हलवली. हे तिला पाठ होतं. वनखात्याचा नियमच तसा होता. उघड्या टेकडीवर रोपं लावायची, रखवालीला एक कुटुंब ठेवायचं, त्यांना राहायला पत्र्याची खोली द्यायची. तीन वर्षांनी मोजणी. शंभरातली ऐंशी रोपं जगली की टेकडी राखीव जंगल ठरते, आणि राखीव जंगलात कुणाला राहता येत नाही. रोपं मेली तर मात्र पुन्हा लागवड, पुन्हा तीन वर्षं, आणि रखवालदार तोच.

समोरच्या टेकडीवरचा रखवालदार अकरा वर्षं एका जागी होता. त्याला सगळे झोपाळू म्हणत. त्याची काही रोपं शेळ्या खात, काही ऊन खाई, उरलेल्यांवर तो खाट टाकी. खात्याने त्याला तीनदा ताकीद आणि तीनदा नवी रोपं दिली होती. तेवढ्या काळात त्याने खोलीपुढे ओटा बांधला, वीज आणली आणि दोन्ही मुलींना खालच्याच शाळेतून दहावी केलं.

रोपवालीला असलं जमलं नाही. तिच्या घरात पाण्याचा थेंब वाया जात नसे. अंघोळीचं, भांड्यांचं, भाजी धुतल्याचं, सगळं रोपांना. सून लग्न होऊन आली त्या दिवशी सासूने तिला एकच गोष्ट सांगितली होती, "आपल्याकडे पाणी फेकत नाहीत, ओततात." तीस वर्षांत तिच्या दहा टेकड्या हिरव्या झाल्या. तेवढ्या काळात मुलाची शाळा तीनदा सुटली, चौथ्यांदा त्याने ती धरलीच नाही. तो आता ट्रकवर हमाली करत होता. त्याची मुलगी नुकतीच तिसरी पास झाली होती.

प्रशस्तिपत्र घ्यायला रोपवाली कचेरीत गेली. भिंतीवर मोठा नकाशा होता. साहेबांनी पट्टी घेऊन त्यावरचे दहा हिरवे ठिपके दाखवले. "हे सगळं तुमचं काम बरं का!"

रोपवाली जवळ जाऊन बघत राहिली. पहिल्या ठिपक्यात मुलगा जन्मला होता. सहाव्यात मालक गेले होते. आठव्यात नात चालायला शिकली होती.

"साहेब, यातल्या एखाद्यात आम्हाला राहता येईल का हो? कोपऱ्यात. पोरीची शाळा आहे."

साहेब भला माणूस होता. त्याला खरंच वाईट वाटलं. "कसं राहणार, बाई? आता ते जंगल आहे. तुम्हीच तर केलंत."

सामान टेम्पोत चढवायला झोपाळू आला. हंडा उचलताना म्हणाला, "वहिनी, तुमच्या हाताला यश आहे. तेच नडतं तुम्हाला."

"आणि तुमच्या?"

"माझ्या हाताला झोप आहे. निवांत आहे बघा सगळं."

रोपवाली हसली. नात मात्र हसली नाही. दप्तर पोटाशी धरून ती टेम्पोत बसली होती. नव्वद मुलांच्या शाळेत तिला एकुलती एक मैत्रीण मिळाली होती आणि तीही गेल्याच महिन्यात.

"आजी," तिने विचारलं, "आपण मोजणीत पास झालो का नापास?"

रोपवालीने दोरीची गाठ दोनदा तपासली.

अकरावी टेकडी टक्कल पडल्यासारखी होती. खोली मात्र बरी होती, आणि पायथ्याशी दहावीपर्यंतची शाळा होती. तिची घंटा थेट दारात ऐकू येई. नातीचं नाव चौथीत घातलं. तिला खिडकीजवळची जागा मिळाली. पंधरा दिवसांत ती वाटेवरून दोन मैत्रिणींशी भांडत घरी येऊ लागली. रोपवाली दारात उभी राहून ते भांडण शेवटपर्यंत ऐकायची.

ऊन वाढलं. दारासमोरच्या रोपाने मान टाकली. सुनेने भांडी घासली, पाण्याचं घमेलं उचललं आणि नेहमीसारखी ती रोपाकडे निघाली. ती ओणवी झाली, तेवढ्यात सासूने तिचं मनगट धरलं.

"काय झालं, आई?"

रोपवालीने रोपाकडे पाहिलं नाही. खालून घंटा वाजत होती.

"फेक ते पाणी," ती म्हणाली. "आधी पोरीची दहावी होऊ दे."