उजवीकडची जागा

पडद्याच्या उजवीकडची जागा काही केल्या भरेना.

तिने पुन्हा कळ दाबली. नवी खिडकी उघडली. आधीच्या दोघी शहाण्यासारख्या सरकल्या आणि तिघींनी मिळून डावी बाजू वाटून घेतली. उजवा तिसरा हिस्सा कोराच राहिला. गंमत म्हणजे या म्हाताऱ्या लॅपटॉपचा तेवढाच भाग धडधाकट होता. बाकी पडद्यावर उभ्या रेघा होत्या आणि चहा सांडल्यासारखा पिवळट डाग. अंगण मोकळं ठेवून सगळं बिऱ्हाड बोळात थाटावं, तसला कारभार.

बाबांना जाऊन दीड महिना झाला होता. लॅपटॉपची डिस्कही त्यांच्यामागोमाग गेली. मूळचा कॅमेरा तर कधीच गेला होता. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात बाबांनी चिमट्याने एक सुटा कॅमेरा बसवलेला होता, कारण त्याची वायर त्यापुढे पोचत नव्हती. “याला आता भंगारवालाही हात लावणार नाही,” असं धाकटा भाऊ म्हणाला होता. तिने ऐकलं नाही. नवी डिस्क घातली, तिच्यावर बाबा वापरायचे तीच हलकी लिनक्स प्रणाली चढवली आणि पेनड्राइव्हवर सापडलेली त्यांची सेटिंगची फाइल जिथल्या तिथे ठेवली. कसं करायचं ते सगळं बाबांच्या वहीत होतं, गोल अक्षरात, आकडे घालून. आठव्या आकड्यापुढे लिहिलं होतं, ‘इथे घाई करू नये. मी केली होती.’

दीड महिन्यात ती पहिल्यांदा हसली.

बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे. छत्तीस वर्षं एकेक अक्षर उचलून ओळीत बसवलं. निवृत्तीनंतर तिच्या भावाचा जुना लॅपटॉप त्यांच्या वाट्याला आला आणि कुठूनशी त्यांना ही रचना सापडली. खिडक्या एकीवर एक न रचता फरश्यांसारख्या शेजारी शेजारी बसवायच्या, आणि सगळं कळा दाबून चालवायचं. त्याच दिवशी माऊसला ड्रॉवरमध्ये जन्मठेप झाली.

“कुणी कुणाच्या अंगावर पडत नाही बघ,” ते तिला कौतुकाने सांगायचे. “नवी आली की जुन्या सरकून जागा देतात. बसमधल्या माणसांपेक्षा बऱ्या.”

हे ती ऐकायची दूरच्या शहरातून, दर रविवारी, व्हिडिओ कॉलवर. आणि दर रविवारी तिला बाबांचा डावा कान दिसायचा. ते बोलायचे तिच्याशी, हसायचेही तिच्याच बोलण्याला, पण बघायचे भलतीकडे. बाजूला त्यांचं काहीतरी जुळवणं चालू असणार, हे उघडच होतं. माणसाला छंद असतो, म्हणून ती सोडून द्यायची. एका रविवारी मात्र तिची नोकरी गेलेली होती आणि बोलता बोलता ती रडायला लागली. बाबांचा कान तसाच.

“बाबा, निदान आज तरी इकडे बघा ना. कुठे बघताय?”

“बघतोय ना गं.”

“राहू दे. त्यापेक्षा नुसता फोन बरा.”

त्यानंतर ती नुसता फोनच करत राहिली. अकरा महिने. त्यांनी एकदा विचारलं होतं, “चेहरा नाही का दाखवायचा?” तिने नेट नीट नसल्याचं सांगितलं होतं. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. शेवटचं तिने त्यांना पाहिलं, ते डोळे मिटलेले.

तिने सेटिंगची फाइल उघडली. कुठेतरी चूक असणार. खाली खाली जात राहिली. प्रत्येक कळीचं काम बाबांनी ओळीशेजारी लिहून ठेवलं होतं. ही वर्तमानपत्राची, ही पत्रांची, ही नुसतीच हात चालवायला. आणि मग ती ओळ सापडली. उजवीकडची जागा मोजून मापून राखलेली होती. वर बाबांची टीप होती, ‘ही भरू नये.’

म्हणजे चूक नव्हती. लहानपणी त्यांनी तिच्या तळहातावर शिशाचा एक कोरा तुकडा ठेवला होता. त्याच्यावर अक्षरच नव्हतं. “हा छापून येत नाही,” ते म्हणाले होते. “दोन शब्दांच्या मध्ये बसतो. पण हा काढलास तर ओळ ढासळते.” एवढंच ना? जुन्या कामाची सवय. चांगल्या जागेवर कोरा तुकडा बसवून स्वतः डागाळलेल्या बाजूला दाटीवाटीने राहायचं. तिला उगाच राग आला. तिने ती ओळ पुसायला बोट कळीवर नेलं.

“झालं का गं?” स्वयंपाकघरातून भाऊ ओरडला. “कॉल लावून बघू?”

“लाव.”

लॅपटॉप वाजला. तिने कॉल घेतला. खिडकी उघडली, पण डावीकडच्या तिघींपैकी एकही हलली नाही. नवी खिडकी थेट उजवीकडे गेली आणि त्या कोऱ्या जागेत अशी बसली, की मधे केसभरही फट राहिली नाही.

भावाचा चेहरा आला. मोठा, स्वच्छ. एक रेघ नाही, डाग नाही. डोळ्याखालचं काळं दिसत होतं. सकाळी दाढी करताना हनुवटीला लागलेलंसुद्धा. हे सगळं तिने समोरासमोर इतके दिवस नीट पाहिलंच नव्हतं. ती खुर्चीत जराशी वळली आणि बघत राहिली.

“ताई, इकडे बघ ना,” भाऊ म्हणाला. “कुठे बघतेयस?”

ती त्याच्या डोळ्यांत बघत होती.