खंडेनवमीच्या काठ्या

काठीवरचं चामडं सोलून धुळाजीच्या हातात आलं.

खंडेनवमीची सकाळ. सिरसाळ्याच्या माळावर सर्वेवाल्या साहेबांचा तंबू, आणि तंबूमागं पाण्याच्या दगडी डोणीपाशी धुळाजी उकिडवा बसलेला. पुढ्यात साहेबांच्या चेंडू मारायच्या काठ्या. खाली लोखंडी पाय, वर धरायला चामड्याची पट्टी गुंडाळलेली. परळीला रेल्वे आणायची म्हणून सोराबजी साहेब हैदराबादेहून आलेले. दिवसभर पितळी दुर्बिणीनं जमीन मोजायची आणि उन्हं कलली की माळावर चेंडू बदडायचा, गोल्फ म्हणत त्याला, हा त्यांचा शौक. त्या दुर्बिणीला ते कुणाला हात लावू देत नसत, हाताखालच्या मुन्शीलासुद्धा नाही. काठ्या मात्र धुळाजीच्या हवाली होत्या. खेळ झाला की माती खरवडायची, कोरडं फडकं मारायचं, तेलाचं बोट फिरवायचं. इमानानं करायचा बिचारा.

पण सणाला औजार धुवायचं नाही तर मग कधी? घरची कुऱ्हाड, कुदळ, खुरपी त्यानं रात्रीच डोणीत भिजत घातली होती. दांड्याचं लाकूड फुगतं, लोखंड गच्च बसतं, ही काय कुणी शिकवायची गोष्ट आहे? साहेबांच्या एका काठीचा पाय जरा हलत होता. मग ह्या शहाण्यानं सगळ्याच काठ्या रात्रभर डोणीत ठेवल्या, सकाळी राख आणि चिंच लावून घासल्या आणि उन्हात टाकल्या. चामड्याचा झाला लगदा, आणि दांड्या अशा वाकल्या की बाभळीचे फोक बरे.

आणि हे करून ठेवलं कुणाचं, तर ज्या माणसानं त्याची बायको वाचवली त्याचं. श्रावणात काटा मोडून तुळजाबाईचा पाय सडायला लागला, ती तापात बरळायला लागली, तेव्हा साहेबांनी स्वतःची बैलांची दमणी जोडून तिला मोमिनाबादच्या दवाखान्यात धाडलं होतं. तेव्हापासून धुळाजीला एकच घोर, ह्या माणसाचे उपकार कसे फेडावेत. फेडले आज.

"आता काय करू गं?"

तुळजाबाई पूजेचं तबक घेऊन लंगडत आली. तिनं काठ्या बघितल्या, मग नवऱ्याचं तोंड बघितलं.

"पूजा करू," ती म्हणाली. "अन् साहेब आले की खरं सांगा. बैलानं तुडवल्या म्हणायचं मनात आलं असंल, तर ते गिळा."

मनात तेच आलं होतं. त्यानं ते गिळलं.

घोंगडीवर औजारं मांडली. कुऱ्हाड, कुदळ, खुरपी, आणि शेवटी साहेबांच्या काठ्या, वाकडी बाजू खाली करून. हळदीकुंकू लावलं, झेंडू वाहिला. नारळ फोडणार तोच घोड्यांच्या टापा वाजल्या. साहेब आले, आणि त्यांच्याबरोबर मोमिनाबादचे डॉक्टर. आज सणाची सुट्टी, म्हणून दोघांचा खेळ सकाळीच ठरलेला. डॉक्टर त्यासाठीच एवढ्या लांबून आलेले.

"धुलाजी, काठ्या आण."

धुळाजी जागचा हलला नाही. साहेबांनीच वाकून एक काठी उचलली आणि डोळ्यासमोर आडवी धरून बघितली. बोटांना हळद लागली. चेहरा लालबुंद झाला.

"ये क्या किया?"

"भिजवल्या, साहेब. रातभर." धुळाजी म्हणाला. "आमी समदीच औजारं भिजवतो. तुमची एक ढिली झालती. सणाच्या दिशी तुमचं औजार ढिलं राहू नये म्हणून... तुमी हिला वाचवलं. माज्यापाशी दुसरं काय हाय द्यायला? घासायचं तेवढं येतंय."

डॉक्टरांचं लक्ष काठ्यांकडं नव्हतंच. ते तुळजाबाईच्या पायाकडं बघत होते.

"चालता येतंय की," ते म्हणाले. "मी तर हा पाय गेला असंच धरून चाललो होतो."

"चालतंय जी. हिरीवरनं पाणी बी आणते."

डॉक्टर हसले. "मग आज आमचा खेळ नाही म्हणायचा?"

"आज कसा व्हईल? पुजलेली औजारं आज कुणी उचलत न्हाई," तुळजाबाई म्हणाली. "साहेबांनी उचलली ती बी जागच्या जागी ठिवावी."

साहेबांनी हातातल्या काठीकडं पाहिलं, त्या बाईकडं पाहिलं, आणि काठी होती तिथं ठेवली, वाकडी बाजू खाली करून. मग तंबूत गेले.

संपलं, धुळाजीला वाटलं. आता घोंगडी झटकायची आणि घर गाठायचं.

साहेब बाहेर आले ते दोन्ही हातांत लाकडी पेटी धरून. ती त्यांनी घोंगडीच्या कडेला टेकवली आणि झाकण उघडलं. आत पितळी दुर्बीण उन्हात चकाकत होती.

"त्या काठ्या खेळाच्या, धुलाजी. माझी भाकर ह्याच्यावर आहे," साहेब म्हणाले. "हे पूजेचं राहिलं. काढून मांड."

"मी?"

"तूच. पण पाणी नको."

तुळजाबाईनं हळदीत बुडवलेलं बोट पदराला पुसलं. "कोरडंच कुंकू लावते, साहेब. अवं, हात कोरडे करा की आधी."

धुळाजीनं हात धोतराला खसाखसा पुसले. मग डोळे पुसले. हात परत ओले झाले, म्हणून परत धोतराला पुसायला लागला.