जाड भिंतींची खोली

"खैरुद्दीन, टेप जरा ताणून धर," चंद्रशेखर म्हणाला, आणि खैरुद्दीनने आपल्याच खोलीच्या कोपऱ्यात उकिडवं बसून टेपचं टोक भिंतीला टेकवलं.

अबुधाबीतल्या त्या जुन्या बिल्डिंगच्या तळघरात, गाड्यांच्या मागे, नातूरची ही खोली. नातूर म्हणजे वॉचमन. एक खाट, विजेची शेगडी, पत्र्याची पेटी, संपला संसार. आज मात्र तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. तिसऱ्या मजल्यावरचा संजय, त्याची मुलगी ईरा, आणखी दोन-तीन घरची माणसं, सगळी चंद्रशेखरच्या तोंडाकडे बघत होती. आणि खरं सांगायचं तर ते त्याला फार आवडत होतं.

का आवडू नये? त्याचे वडील नागरी संरक्षण दलात वॉर्डन होते. अणुबॉम्ब पडलाच तर विषारी धुळीपासून कुठे लपावं, भिंत किती जाड हवी, वाळूची पोती कुठे रचावीत, हे सांगणाऱ्या जुन्या सरकारी पुस्तिका त्यांनी जिवापाड जपल्या होत्या. चंद्रशेखरने त्या पान अन् पान स्कॅन करून नेटवर फुकट ठेवल्या. इतकी वर्षं कुत्रं विचारत नव्हतं. वाचल्या त्या एकट्या खैरुद्दीनने. तो दापोलीकडचा, मराठी वाचायला मिळतंय, एवढंच त्याला पुरे होतं. मग समुद्रापलीकडे लढाई पेटली, एका दुपारी धोक्याच्या इशाऱ्याने सगळ्यांचे फोन एकदम केकाटले, आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर त्याच पुस्तिका प्रसादासारख्या वाटल्या गेल्या. उघडून कुणी वाचल्या नाहीत, हा भाग वेगळा.

"काका, फायनल सांगा," संजय म्हणाला. "ही रूम चालेल की नाही?"

चंद्रशेखरने भिंतीवर बोटं वाजवून पाहिली. तिन्ही बाजूंना माती, डोक्यावर अख्खी बिल्डिंग, खिडकी नाही, दार एकच. पुस्तिकेतल्या चित्रात असते तशीच. "यापेक्षा चांगली जागा आपल्याकडे सापडणार नाही," तो म्हणाला, आणि वडिलांचा वॉर्डनी रुबाब आपोआप आवाजात उतरला.

सगळ्यांना हायसं वाटलं. ईराने विचारलं, "बाबा, इज देअर वायफाय डाउन हिअर?"

संजयने लगेच मॅनेजरला फोन लावला. "हाँ हबीबी, इंजिनियर साबने ओके बोला है. यल्ला, जल्दी, आज ही रूम खाली करवाओ." चंद्रशेखरची सगळी नोकरी अकाउंट्समध्ये गेली होती, पण त्याने दुरुस्ती केली नाही. फोन ठेवून संजय म्हणाला, "खलास. बेसमेंटमध्ये कुणी झोपायचं नाही, असा रूलच आहे म्हणे. पाणी, रेशन आजच भरून टाकू. आणि कुलूप लावून ठेवू, नाहीतर बाहेरचे घुसतील."

चंद्रशेखर गांगरला. वेळ आली तर सगळे इथे येऊन दाटीवाटीने बसतील, असं त्याला वाटलं होतं. त्या गर्दीत खाट होती, शेगडी होती, शेगडीपाशी खैरुद्दीन होता. खैरुद्दीनशिवायची खोली त्याच्या मनात कधी आलीच नव्हती.

"मग हा कुठे जाणार?"

"टेरेसवर टाकीजवळ शेड आहे ना, काका. वर हवा पण मस्त."

पुस्तिकेत गच्चीचंही चित्र होतं. धूळ पहिली तिथे बसते म्हणून गच्चीभर काळे ठिपके काढले होते आणि खाली छापलं होतं, येथे कोणीही थांबू नये. ते वाचलेली दोनच माणसं त्या खोलीत होती. खैरुद्दीनने चंद्रशेखरकडे पाहिलं. रागाने नाही. आता हा बोलेल, अशा भरवशाने पाहिलं.

एक वाक्य पुरलं असतं. ही भिंत पातळ आहे, माझं चुकलं, एवढं खोटं. तपासायला कोण येणार होतं? पण संजयने खांद्यावर हात ठेवला, "काका, तुम्ही होतात म्हणून!" आणि चंद्रशेखर मूग गिळून उभा राहिला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसं चाललं होतं, आणि बीळ दाखवणारा तोच होता. त्याला स्वतःची शिसारी आली.

खैरुद्दीनने वाद घातला नाही. वाद घालणाऱ्या नातूरचा व्हिसा पुढे सरकत नाही. त्याने वळकटी बांधली, शेगडीची वायर गुंडाळली. चंद्रशेखर खाटेचं एक टोक उचलायला वाकला.

"राहू द्या शेखरभाई, तुमची कंबर."

"काही होणारच नाही रे. इन्शाल्ला."

"इन्शाल्ला," खैरुद्दीन म्हणाला.

खाट बाहेर गेली, पाण्याच्या बाटल्यांचे खोके आत आले. तांदूळ आला, बिस्किटं आली, ईराची उशी आली. चावी काकांकडेच राहू दे, असं एकमताने ठरलं आणि मंडळी लिफ्टकडे निघून गेली.

खैरुद्दीनने कमरेच्या जुडग्यातून चावी सोडवली आणि चंद्रशेखरच्या हातावर ठेवली. मग जाता जाता थांबला.

"कुलूप जुनं आहे, शेखरभाई. चावी जरा वर उचलायची, मग फिरवायची. घाईत नुसती फिरवलीत तर अडकून बसेल. पोरं असतील सोबत. एकदा माझ्यासमोर करून बघा."

चंद्रशेखरने दार ओढलं, चावी वर उचलली आणि फिरवली. कुलूप लागलं.

"बरोबर," खैरुद्दीन म्हणाला, आणि पेटी डोक्यावर घेऊन गच्चीचा जिना चढू लागला.