फक्कीची रेघ

बांधायच्या निवाऱ्याचा नकाशा मोकळ्या जागेवर पांढऱ्या फक्कीने आखला होता. फुटपाथवर राहणाऱ्यांना आर्किटेक्टबाईंनी मुद्दाम बोलावलं होतं. "आखलेल्या खोल्यांत झोपून बघा. काही खटकलं तर आत्ताच सांगा."

सत्तरीची गिरजा बायकांच्या बाजूला आडवी झाली. तिच्या नवऱ्याला रेघेपलीकडे, पुरुषांच्या बाजूला नेलं. तिकडून तो खोकत खोकत ओरडला, "सुटलो बुवा! आता हिचं घोरणं ऐकायला नको!"

सगळे हसले. गिरजा मात्र उठून बसली. "बाई, ही रेघ केवढी उंच होणार?"

"छतापर्यंत, आजी. पक्की भिंत."

गिरजाला एक जुनी भिंत आठवली. लहानपणी पुरात घर वाहून गेलं, तेव्हा त्यांना शाळेत ठेवलं होतं. बायका एका वर्गात, पुरुष शेजारच्या. भिंतीपलीकडून बापाचा खोकला ऐकू यायचा. एका पहाटे तो थांबला. "आज झोप लागली वाटतं," असं म्हणून आईही निश्चिंत झोपली. उजाडल्यावर लोक सांगायला आले.

तिने पलीकडे पाहिलं. नवरा डोळे मिटून गप्प पडला होता.

"अहो, खोका की!" ती किंचाळली.

"आता काय हुकमाने खोकू?" तो दचकून म्हणाला.

गिरजा उठली आणि अनवाणी पायाने मधली रेघ पुसू लागली. "ह्यांचा खोकला थांबला, तर मला कोण सांगणार?"

गवंडी फक्कीचं घमेलं घेऊन धावला, पण आर्किटेक्टबाईंनी त्याला अडवलं.

"नीट पुसा, आजी," त्या म्हणाल्या. "दोन खाटा शेजारी शेजारी मावतील एवढं."