अजिनाथच्या बाजूचे तीन दिवे

"हा पण गेला," म्हणत अजिनाथनं बल्ब काउंटरवर असा आपटला की जायचं काही बाकी असेल, तर तेही उरकलं.

दुकानदार सोमनाथनं तो उचलून तपासायच्या होल्डरला लावला. पेटला नाही.

"परत सैपाकघरातलाच?"

"नाय, चंद्रावरचा. दुसरीकडं कुठं जातात माझे?"

"भाऊ, हा पंधरा हजार तासांचा बल्ब हाय. रोज किती वेळ चालू ठेवता?"

"मी रात्री कंपनीतून येतो तवा गेलेलाच असतो. चालू कधी ठेवू?"

सोमनाथनं नवा बल्ब पुढं सरकवला. छताच्या खोबणीत वारा खेळत नाही, गरमी कोंडते आणि बल्बच्या बुडातलं सर्किट भाजून निघतं, असं त्यानं समजावलं. हा बंद फिटिंगसाठीच बनवलेला. वॉट कमी, त्यामुळं तापणार नाही, वीजही थोडी खाईल आणि वर्षानुवर्षं टिकेल.

"मागच्या खेपेला पण टिकंलच म्हणला होतास."

"मागच्या खेपेला ऐकलं कुठं माझं? दादापेक्षा लखलखीत पायजेत म्हणून मोठ्या वॉटचे नेले."

हे खरं होतं. त्यामुळं अजिनाथला जास्तच राग आला.

मुकुंदवाडीतलं घर एक, स्वयंपाकघर एक, पण दिवाळीपासून चुली दोन. भांडण छतावरूनच झालं होतं. अजिनाथला पीओपीचं छत आणि त्यात बसवलेले सहा दिवे हवे होते. थोरला त्रिंबकदादा म्हणाला, ट्यूबलाइटखाली काय भाकरी फुगत नाही? छत झालं, पण त्याच्याखाली दोघं भाऊ एक दिवस धड उभे राहिले नाहीत. अजिनाथनं मधोमध जाड पडदा टांगला, तीन दिवे इकडं, तीन तिकडं अशी वाटणी केली आणि दादाशी बोलणं टाकलं. खिडकी नसल्यानं तिथं दिवसाही दिवा लागायचा. मीटर मात्र एकच राहिलं, बिल अर्धं अर्धं. म्हणजे अंधार सगळा अजिनाथला आणि बिल दोघांना.

कारण दिवे जायचे ते त्याच्याच बाजूचे. पलीकडचा एकही कधी गेला नाही. पडद्याच्या वरून दादाचा उजेड अंगावर यायचा. तो मुद्दाम येतो, असं अजिनाथचं म्हणणं होतं.

बायको रत्नमाला कधी कुरकुर करायची नाही, याचाही त्याला राग होता. "अंधारात कशाला बसता, बाहेरच्या खोलीत घ्या ताट," एवढंच म्हणायची. पोरं आधीच जेवून झोपलेली असायची. काल ताटात शेपू होता, आणि पलीकडूनही शेपूचाच वास येत होता. आपलं बघून आशावहिनी भाज्या ठरवते, हे त्याचं पक्कं मत होतं.

"तीन दे," तो म्हणाला. "आणि हे जर गेले ना, तर पडद्याच्या जागी भिंत घालणार. पुंजाराम मिस्त्रीला सांगून ठेवलंय."

"बल्बपायी भिंत?"

"बल्ब जात नाय, घालवतात. दादानं वायरीत कायतरी केलंय."

"अहो, वायर सगळ्या घराची एकच. ती एकट्या तुमच्यावर कशी रुसंल?"

"तिला इचार," अजिनाथ म्हणाला आणि पिशवी घेऊन निघाला.

संध्याकाळी तिन्ही दिवे लखकन लागले. मान अवघडेपर्यंत तो खाली उभा राहिला, पलीकडं कळावं म्हणून दोनदा खाकरला. रत्नमालाही वर बघत होती. शेजाऱ्याच्या झाडाला पाड लागावा आणि आपण बघावं, तसं.

"छान हायेत," ती म्हणाली. "टिकाऊ हायेत ना पण?"

तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर एक गेलेला.

अजिनाथ पडद्यासमोर उभा राहून तोंडाला येईल ते बोलला. पडदा हलला नाही. त्यानं तिथूनच पुंजारामला फोन लावला. "रविवार नको, आजच ये. माप घे. छतापर्यंत भिंत पायजे, वर बोटभर फट नको."

कंपनीत त्याचं लक्ष लागेना. दादा दुपारी जेवायला घरी येतो आणि तेव्हाच वायरीशी खेळतो, हे एकदम त्याच्या ध्यानात आलं. आज रंगेहाथ धरायचा. पोट दुखतंय असं सांगून तो निघाला आणि चपलांसकट स्वयंपाकघरात घुसला. त्याच्या बाजूला अंधार होता, शेगडी थंड होती. पलीकडं भांडी वाजत होती.

त्यानं पडदा खसकन ओढला.

वहिनीच्या शेगडीवर रत्नमाला भाकऱ्या टाकत होती. वहिनी वाढत होती. एका ओळीत चार पोरं जेवत होती, त्यातली दोन त्याची. त्यांच्या पलीकडं पुंजाराम मिस्त्री मापाची टेप मांडीखाली ठेवून भाकरी कुस्करत होता. मधोमध स्टुलावर चढलेला दादा आपल्या छतातला जळका बल्ब काढून तिथं अजिनाथचा नवा बसवत होता.

"आत ये, नायतर पडदा लाव," दादा वर बघतच म्हणाला. "उजेड वाया चाललाय."