डोसाची पट्टी

दवाखाना नव्या खात्याकडे गेला आणि नगरहून हुकूम आला: पातळ औषधं बंद, यापुढे फक्त गोळ्या. गोळ्या आल्या, पण त्या द्यायला कागदी पाकिटं काही आली नाहीत. मग दानीएल कंपाउंडरनं छबूबाईच्या सासूच्या फिटच्या गोळ्या, महिनाभराच्या, छबूबाईनं सवयीनं पुढं केलेल्या बाटलीतच टाकल्या. "रोज रात्री एक द्या," म्हणाला.

पुढच्या बाजारी छबूबाईच्याच गावची एक म्हातारी गोळ्या घातलेली आपली बाटली खुळखुळवत म्हणाली, "ह्यात पानी किती घालू? छबूनं तर गळ्यापतूर भरलंय."

दानीएलनं हातातलं काम टाकलं. तो तसाच सायकलवर बसला. या गोळ्या पाण्यात फुटतात, पण विरघळत नाहीत. सगळा भुगा तळाशी बसतो. म्हणजे सगळं औषध शेवटच्या घोटात! देवा, बाटली अजून संपलेली नसू दे.

छबूबाई ओट्यावर रिकामी बाटली विसळत होती. बाटलीवर कागदाची पट्टी होती, रोजच्या घोटाची एकेक अशा सात खुणा कापलेली. मिक्श्चर देताना तो स्वतः लावायचा, अगदी तशी.

"तुमी पट्टी लावायची इसरला भाऊ, मंग मीच खळीनं चिकटवली," ती कौतुकानं म्हणाली.

"आजी कुठंयत?" त्याचा आवाज चढला.

"हळू बोला की! आधी काय गुन न्हाई आला. मंग काल राती तळाचा पांढरा गाळ बोटानं चाटवला. तवापासनं अशी गाढ झोपलीय, कूस सुदीक बदलली न्हाई."